तीन लाल रेघा म्हणजे गळती नव्हे

टेम्पोतल्या एका खोक्याचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरतोय. पिवळं लेबल, किरणोत्सर्गी पदार्थांचं तीन पाकळ्यांचं चिन्ह, खाली तीन लाल रेघा. सोबत मजकूर: ‘तीन रेघा म्हणजे किरणोत्सर्ग गळतोय, लांब पळा.’ हे साफ चुकीचं आहे.

रेघा खोक्याचा वर्ग सांगतात. एक रेघ सर्वांत सौम्य. तिसऱ्या वर्गात पृष्ठभागावर किरणांची मात्रा तासाला 2 मिलिसिव्हर्टपर्यंत (सिव्हर्ट हे या मात्रेचं एकक) असायला मुभा असते. खरा उपयोगाचा आकडा लेबलवरच्या छोट्या चौकटीत असतो, ट्रान्सपोर्ट इंडेक्स; एक मीटरवर किती मात्रा पोचते ते तो सांगतो. तिथे 2 लिहिलं असेल तर एक मीटरवर तासाला 20 मायक्रोसिव्हर्ट (मायक्रो म्हणजे मिलिचा हजारावा भाग). शेजारून अर्ध्या मिनिटात निघून गेलात, तर निसर्गातून दिवसभरात मिळते त्याहून कितीतरी कमी मात्रा मिळते. पण म्हणून खोक्यावर बसायचं नाही, आणि उघडायचा तर मुळीच नाही.

असे खोके वाशीच्या ‘ब्रिट’मधून (किरणोत्सर्गी पदार्थ पुरवणारी सरकारी संस्था) रुग्णालयांकडे आणि कारखान्यांकडे जातात. स्कॅनसाठी लागणारं मॉलिब्डेनम-99 हे किरणोत्सर्गी द्रव्य दर 66 तासांनी निम्मं होतं. ते साठवून ठेवताच येत नाही, वेळेवर पोचवावंच लागतं. अफवेने गाडी अडली तर तिकडे पेशंट ताटकळतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

कोबाल्ट-60 सारख्या तीव्र स्रोतांचं पात्र वेगळं, जाड शिशाचं. त्या रचनेला 9 मीटरवरून आपटण्याची आणि 800 अंशांच्या आगीत अर्धा तास टिकण्याची चाचणी पार करावी लागते.

खोका फुटलेला किंवा बेवारस दिसला, तर हात न लावता लोकांना दूर ठेवा आणि 112 वर कळवा.