हरायचं तर मैदानात

३ डिसेंबर २०२३, रविवार. फ्लोरिडातल्या टॅलाहासी शहरात आमच्या गल्लीत सकाळपासून गडद लाल आणि सोनेरी झेंडे लागले होते. शेजारच्या आजोबांनी आदल्या रात्रीच न्यू ऑर्लीन्सचं हॉटेल बुक केलं होतं. कॉलेज फुटबॉलच्या प्लेऑफचा, म्हणजे विजेतेपदाच्या बाद फेरीचा, एक उपांत्य सामना तिथे होणार होता आणि आमचा फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाचा संघ १३ पैकी १३ सामने जिंकून बसला होता. मी चिवड्याचा डबा घेऊन त्यांच्याकडे गेले. दुपारी टीव्हीवर प्लेऑफसाठी निवडलेल्या संघांची चार नावं आली: मिशिगन, वॉशिंग्टन, टेक्सस, अलाबामा. आजोबा काही बोलले नाहीत. उठले, अंगणात गेले आणि पाहुण्यांसाठी मांडलेल्या खुर्च्या एकेक करून मिटवायला लागले.

इथलं कॉलेज फुटबॉल ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. वरच्या दर्जाचे सव्वाशेहून जास्त संघ आहेत आणि नेहमीच्या हंगामात प्रत्येकाच्या वाट्याला १२ सामने येतात. म्हणजे बहुतेकांची एकमेकांशी गाठच पडत नाही. हे संघ कॉन्फरन्स नावाच्या गटांत वाटलेले आहेत आणि गटागटांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बिग टेन या एका गटाने २०२२ मध्ये सात वर्षांचा टीव्ही करार केला, तो ७ अब्ज डॉलरहून मोठा. एसईसी हा दुसरा गट तर स्वतःला खेळाचं माहेरघरच समजते. मग कोणाचे विजय खरे आणि कोणाचे स्वस्तातले, हे १३ जणांची समिती बंद खोलीत बसून ठरवते. २०१४ पासून २०२३ पर्यंत ती फक्त चार संघ निवडायची.

फ्लोरिडा स्टेट एसीसी या गटातला, आणि तो गट कच्चा म्हणून गणला गेला. पण या संघाने एसईसीतल्या एलएसयूला ४५-२४ असं हरवलं होतं, त्याच गटातल्या फ्लोरिडा विद्यापीठालाही त्यांच्याच मैदानावर हरवलं होतं. एसईसीतलीच अलाबामा एक सामना हरलेली होती, तोही घरच्या मैदानावर. मग अडलं कुठे? १८ नोव्हेंबरला क्वार्टरबॅक, म्हणजे संघाचा खेळ चालवणारा मुख्य खेळाडू, जॉर्डन ट्रॅव्हिस याचा पाय मोडला. समितीच्या नियमावलीत मुख्य खेळाडू नसण्याचा विचार करायची मुभा आहे, ती तिने वापरली. वास्तविक त्याच्याशिवायही संघ दोन सामने जिंकला होता. निकालानंतर ट्रॅव्हिसने लिहिलं की माझा पाय हंगामात आधीच मोडला असता तर बरं झालं असतं, म्हणजे संघ माझ्या एकट्यावर उभा नाही हे दिसलं असतं. विशीतल्या मुलावर अशी इच्छा करायची वेळ आणणाऱ्या व्यवस्थेला मी न्याय्य म्हणू शकत नाही.

त्या रात्री नागपूरला दादाला फोन केला. तो म्हणाला, "अगं, चांगला संघ घेतला तर बिघडलं कुठे? आपल्याकडे रणजीच्या खालच्या प्लेट गटातल्या रन्सना कोण विचारतं?" आणि त्याने मिलिंद कुमारचं उदाहरण दिलं. २०१८-१९ च्या रणजीत सिक्कीमकडून १,३३१ धावा. समोर बरेचसे नवखे संघ होते, म्हणून निवडकर्त्यांनी त्या धावा पूर्ण वजनाने मोजल्या नाहीत. आज तो अमेरिकेच्या संघातून खेळतो.

दादाचं हे उदाहरण मला मान्य आहे, पण ते इथे लागू होत नाही. देशाचा संघ निवडणं हे निवड समितीचंच काम आहे. उद्याच्या सामन्यात कोण चालेल याचा अंदाज तिने बांधायचाच असतो, त्यात धावांचं वजन कमी-जास्त होणारच. स्पर्धेत पुढच्या फेरीत कोण जाणार, ही मात्र अंदाजाची गोष्ट नव्हे. ते आधी सांगितलेल्या नियमाने आणि झालेल्या निकालांनी ठरलं पाहिजे. तिथे पंच हवा, निवडकर्ता नको. मुंबईचा संघ मातब्बर आहे म्हणून उपांत्यपूर्व सामना न जिंकता त्याला उपांत्य फेरीत बसवा, असं दादासुद्धा म्हणणार नाही.

दुबळ्या गटाचा संघ वर आला की मार खातो, हा आक्षेप खोटा नाही, पण त्याला अपवादही आहेत. सेंट्रल फ्लोरिडा २०१७ मध्ये एकही सामना हरली नाही, तरी तिला चारात घेतलं नाही. मग तिने पीच बोल या हंगामाअखेरच्या मानाच्या सामन्यात ऑबर्नला हरवलं, ज्या ऑबर्नने त्याच हंगामात अंतिम फेरीतल्या दोन्ही संघांना हरवलं होतं. पण नेहमी असं होत नाही. २०२४ पासून १२ संघ घेतात आणि २०२४ व २०२५ च्या हंगामांत क्रमवारीत सर्वांत वर असलेल्या पाच गटविजेत्यांना हक्काची जागा होती. त्या हक्काने २०२५ मध्ये तुलेन आणि जेम्स मॅडिसन हे छोट्या गटांतले संघ आत आले. दोघेही पहिल्याच सामन्यात बाहेर पडले, तुलेन तर ४१-१० असा. तेव्हापासून ही जागा काढूनच टाका अशी ओरड चालू आहे.

इथे मला घरचीच गोष्ट आठवते आणि वाईट वाटतं. रणजीतही प्लेटच्या विजेत्याला बाद फेरीत जागा होती. २०२२ मध्ये झारखंडने नागालँडविरुद्ध ८८० धावा केल्या आणि सामना संपला तेव्हा आघाडी हजाराच्या पुढे गेली होती. पुढच्याच हंगामापासून प्लेटचे संघ आपापसांत खेळू लागले, थेट चषकापर्यंतची वाट बंद झाली. निदान आपल्याकडे बढती आहे, जिंकलात तर पुढच्या वर्षी वरच्या गटात. अमेरिकेत तीही नाही, मोठ्या गटाचं आमंत्रण यावं लागतं. सेंट्रल फ्लोरिडाला बिग ट्वेल्व्ह या मोठ्या गटात खेळायला २०२३ उजाडलं. आणि वाट उघडी होती तेव्हा काय झालं होतं? २०१०-११ मध्ये राजस्थान प्लेटमधून आला आणि पुण्याच्या हृषीकेश कानिटकरच्या नेतृत्वाखाली रणजी जिंकून गेला.

फ्लोरिडा स्टेटला पुढे ऑरेंज बोलमध्ये जॉर्जियाने ६३-३ असं चिरडलं, आणि दादाने तो स्कोअर मला लगेच पाठवला. बरेचसे नावाजलेले खेळाडू त्या सामन्यात उतरलेच नव्हते. ज्या संघाला नाकारलं, तो संघ तिथे नव्हताच. हे मी त्याला समजावलं, तो ऐकेना.

मग मी त्याला नागपूरच्या जामठा स्टेडियमची आठवण करून दिली. जानेवारी २०१९, रणजीची उपांत्यपूर्व फेरी, विदर्भासमोर प्लेटमधून आलेलं उत्तराखंड. त्यांचा तो पहिलाच हंगाम. विदर्भ एक डाव ११५ धावांनी जिंकला. पण दादा पहिल्या दिवशी स्टेडियममध्ये बसला होता आणि संध्याकाळी त्याने मला फोन केला होता तो उत्तराखंडच्या पोरांबद्दल सांगायला. पहिल्या डावात ३५५ केल्या त्यांनी, गतविजेत्यांसमोर. "काय खेळले गं," असं तो तीनदा म्हणाला होता.