विधानसभेची ‘संमती’ राज्यघटनेत आहे कुठे?

गेल्या रविवारी नंदगडहून मामांचा फोन आला. वय ऐंशीच्या घरात, तरुणपणापासून १ नोव्हेंबरची, म्हणजे बेळगाव-खानापूरचा मराठी भाग कर्नाटकात घातल्याच्या निषेधाची, काळ्या दिनाची फेरी सहसा न चुकवलेले. इकडचे तिकडचे काही न विचारता ते एकदम म्हणाले, “म्हणजे आम्ही हयातभर चुकीच्या दारात उभे होतो, असंच ना?” शेजारच्या मुलाने त्यांना मोबाइलवरचा एक संदेश वाचून दाखवला होता. निपाणीपासून खानापूरपर्यंत सध्या तोच फिरतो आहे आणि मलाही तो आजवर चौघांनी पाठवला आहे. त्याचा मथितार्थ असा : देशाचे कायदे एकटी लोकसभा करते, राज्यसभा ही सरकारने नेमलेल्या मंडळींची विश्रांतीची जागा असून तिने विरोध केलाच तर दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक बोलावून विधेयक मंजूर करून घेतात, राज्याची सीमा बदलायची असेल तर मात्र त्या राज्याच्या विधानसभेची संमती आणि दोन-तृतीयांश बहुमताची घटनादुरुस्ती लागते, कर्नाटक विधानसभा अशी संमती कधीच देणार नाही, म्हणून महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्न घटनेनेच कायमचा मिटवला आहे.

संदेशाच्या पहिल्या अर्ध्या भागात लोकसभा सर्वशक्तिमान आहे आणि दुसऱ्या अर्ध्या भागात एका विधानसभेने तिचे हात बांधलेले आहेत, ही विसंगती लिहिणाऱ्याच्या ध्यानात आलेली दिसत नाही. पण ते सोडून देऊ, कारण मामांना लागले ते शेवटचे वाक्य आणि सर्वांत चुकीचेही तेच आहे.

राज्यघटनेचा अनुच्छेद ३ पानभरसुद्धा नाही. नवे राज्य निर्माण करणे, राज्याचे क्षेत्र वाढवणे किंवा कमी करणे, सीमा किंवा नाव बदलणे हे सर्व अधिकार त्याने संसदेला दिले आहेत. त्याच्या परंतुकात, म्हणजे अटी सांगणाऱ्या जोडवाक्यात, दोनच अटी आहेत. असे विधेयक राष्ट्रपतींच्या शिफारशीवाचून मांडता येत नाही, आणि त्यामुळे ज्या राज्याचे क्षेत्र, सीमा किंवा नाव बदलणार असेल त्या राज्याच्या विधिमंडळाकडे ते राष्ट्रपतींनी विचार कळवण्यासाठी पाठवायचे असते. शब्द ‘विचार’ असा आहे. ‘संमती’ हा शब्द तेथे औषधालाही सापडत नाही. विचार कळवण्यास मुदत घालून देण्याची तरतूद १९५५ मध्ये, म्हणजे राज्यपुनर्रचनेच्या तोंडावर, पाचव्या घटनादुरुस्तीने करण्यात आली. मुदतीत उत्तर आले नाही तरी विधेयक अडत नाही. पुढचा अनुच्छेद ४ तर स्पष्टच सांगतो की असा कायदा घटनादुरुस्तीची पद्धत सांगणाऱ्या अनुच्छेद ३६८ पुरता घटनादुरुस्ती समजला जाणार नाही. त्यामुळे दोन-तृतीयांश बहुमताचा प्रश्नच उद्भवत नाही. दोन्ही सभागृहांतले साधे बहुमत पुरते. संमतीची अट अमेरिकेच्या घटनेत आहे. तेथे एखाद्या राज्याचा भाग तोडून नवे राज्य करायचे असल्यास त्या राज्याच्या विधिमंडळाचा होकार लागतो. संदेशकर्त्याने ती अट तिकडून उचलली की स्वतःच्या कल्पनेतून काढली, हे त्यालाच ठाऊक.

या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे आणि तो आपल्याच राज्यपुनर्रचनेतून निघाला, ही गोष्ट सीमाभागात तरी विसरली जाऊ नये. १९५६ च्या मूळ विधेयकात मुंबई शहर, महाराष्ट्र आणि गुजरात असे तीन वेगळे घटक होते. विधिमंडळाचे विचार मागवले गेले ते या योजनेवर. संसदेने पुढे दुरुस्ती करून हे तिन्ही एकत्र ठेवणारे विशाल द्वैभाषिक (मराठी-गुजराती) मुंबई राज्य केले. तेव्हा नव्या योजनेवर आम्हाला पुन्हा का विचारले नाही, असा आक्षेप बाबूलाल पराते विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात घेण्यात आला. न्यायालयाने १९५९ मध्ये तो फेटाळला. एकदा विचार मागवले की संसद त्यांना बांधील नाही आणि विधेयकात दुरुस्ती झाल्यावर प्रत्येक वेळी ते पुन्हा विधिमंडळाकडे पाठवण्याचीही गरज नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. बेळगाव जिल्हा चंदगड तालुका वगळून म्हैसूर (आजच्या कर्नाटक) राज्यात घातला गेला तो याच १९५६ च्या कायद्याच्या सातव्या कलमाने. ज्या संसदेने साध्या बहुमताने ही रेघ ओढली, तिला ती साध्या बहुमताने हलवता येत नाही म्हणणाऱ्याने कलम दाखवावे.

एवढ्याने समाधान होत नसेल तर तेलंगणाकडे पाहावे. २०१४ च्या जानेवारीत आंध्र प्रदेश विधानसभेने राज्याच्या विभाजनाचे विधेयक आवाजी मतदानाने फेटाळले. तरीही लोकसभेने ते १८ फेब्रुवारीला आणि राज्यसभेने २० फेब्रुवारीला मंजूर केले आणि २ जूनला तेलंगणा अस्तित्वात आले. आणखी गंमत अशी की महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्यात खुद्द कर्नाटकाचे म्हणणे हेच आहे की सीमा ठरवणे हा संसदेचा अधिकार आहे, न्यायालयाचा नव्हे. म्हणजे हा संदेश कर्नाटकाच्या वकिलांनाही खोटे पाडतो. २०२२ च्या डिसेंबरात कर्नाटक विधिमंडळाच्या बेळगावच्या आणि महाराष्ट्र विधिमंडळाच्या नागपूरच्या अधिवेशनांत सीमाप्रश्नावर झालेले परस्परविरोधी ठराव सभागृहांचे मत सांगतात. त्यांपैकी एकानेही कायदा बदललेला नाही.

आता राज्यसभा. तिच्या २४५ जागांपैकी राष्ट्रपतींनी नेमलेले सदस्य अवघे १२. उरलेले राज्यांच्या आणि काही केंद्रशासित प्रदेशांच्या विधानसभांचे सदस्य निवडून देतात. कर्नाटकाचे १२ आहेत आणि महाराष्ट्राचे १९. खानापूरच्या आमदाराच्या मतानेही तेथे कोणी जातो, ही साधी गोष्ट खानापुरातच सांगावी लागावी याचे नवल वाटते. विधेयक आधी लोकसभेतच मांडावे लागते असेही नाही : २०१९ चे जम्मू-काश्मीर पुनर्रचना विधेयक राज्यसभेने लोकसभेच्या एक दिवस आधी मंजूर केले होते.

संयुक्त बैठकीची धमकी तर फारच पोकळ आहे. गणराज्य झाल्यापासून अशा बैठकीत विधेयके मंजूर झाली ती तीनच : १९६१ चे हुंडाबंदीचे, १९७८ चे बँकिंग सेवा आयोग रद्द करण्याचे आणि २००२ चे दहशतवादविरोधी, म्हणजे ‘पोटा’चे. घटनादुरुस्तीच्या विधेयकासाठी संयुक्त बैठकीची वाट घटनेत उपलब्धच नाही. तेथे प्रत्येक सभागृहाने ते स्वतंत्रपणे विशेष, म्हणजे मतदान करणाऱ्यांच्या दोन-तृतीयांश, बहुमताने मंजूर करावे लागते. संस्थानिकांचे तनखे रद्द करण्याचे घटनादुरुस्ती विधेयक १९७० मध्ये लोकसभेने मोठ्या मताधिक्याने मंजूर केले आणि राज्यसभेत बाजूने १४९ व विरोधात ७५ मते पडली. २२४ चे दोन-तृतीयांश १४९ हून किंचित जास्त भरतात. एका मताच्याही अंशाने ते विधेयक पडले. आपल्या जिल्ह्यातले रामदुर्ग एकेकाळी संस्थान होते, तेव्हा तिथल्या जुन्या माणसांना तरी हा प्रसंग आठवत असेल. विश्रांतीला बसलेल्या मंडळींच्या हातून असे घडत नसते.

एक गोष्ट मान्य करणे भाग आहे. धन विधेयकाच्या, म्हणजे कर आणि सरकारी खर्चाच्या विधेयकाच्या, बाबतीत संदेशातले म्हणणे बरेचसे खरे आहे. ते लोकसभेतच मांडावे लागते, राज्यसभेला फक्त १४ दिवस आणि शिफारशी करण्यापुरता अधिकार मिळतो, आणि एखादे विधेयक धन विधेयक आहे की नाही हे लोकसभेचे अध्यक्ष ठरवतात. २०१६ मध्ये आधारचे विधेयक याच वाटेने नेले गेले तेव्हा त्यावर वाद झाला, आणि तो अकारण नव्हता. संयुक्त बैठक झालीच तर संख्याबळामुळे लोकसभेचे पारडे जड राहते, हेही खरे.

मामांना मी अनुच्छेद ३ चे परंतुक फोनवर दोनदा वाचून दाखवले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “म्हणजे दार बरोबर होतं, उघडायला कोणी आलं नाही.” संसदेने ते का उघडले नाही याचे उत्तर अनुच्छेद ३ मध्ये नाही, आणि मी तसे त्यांना सांगितले.