'आजारी मुली'च्या चेहऱ्यावर भीती शोधू नका

नॉर्वेचा चित्रकार एडवर्ड मुंक याच्या 'आजारी मूल' या छापचित्राखाली एक मजकूर चिकटवून सगळीकडे पाठवला जातोय: 'मरणाऱ्या बहिणीच्या उशाशी बसून, वेडाच्या झटक्यात काढलेल्या पेंटिंगची ही छापील नक्कल. चेहऱ्यावरची मृत्यूची भीती बघा!' दावे चार, चारही घसरलेले.

उशाशी बसून? बहीण सोफी 1877 मध्ये क्षयाने गेली, तेव्हा मुंक 13 वर्षांचा पोर होता. पेंटिंग 1885-86 चं. त्यासाठी समोर बसवली होती ती बेट्झी नीलसन, दुसरीच मुलगी.

वेडाचा झटका म्हणावा, तर त्या पेंटिंगवर तो वर्षभर रंग चढवत आणि खरवडत बसला होता. मानसिक उपचारांसाठी तो दवाखान्यात राहिला, पण 1908 मध्ये.

'नक्कल' हा शब्द मात्र मला जास्त खटकतो. छापील चित्र म्हणजे कॉपी, हे आपल्या डोक्यात बसायला रविवर्म्याच्या छापखान्यातून घरोघर पोचलेल्या लक्ष्मी-सरस्वती कारण असाव्यात. इथे तसं नाही. पेंटिंगमध्ये मुलीशेजारी मान खाली घातलेली बाई आहे, खोली आहे. 1896 मध्ये पॅरिसला शिळेवर, म्हणजे ज्यावरून कागदावर छापतात त्या दगडावर, चित्र काढताना मुंकने ते सगळं वगळलं. उरलं फक्त उशीवरचं डोकं आणि विस्कटलेले विरळ केस.

शिवाय रंगागणिक शिळा वेगळी. पॉल हर्मान या चित्रकाराने सांगितलेली आठवण प्रसिद्ध आहे: ऑग्यूस्त क्लोच्या छापखान्यात शिळा रांगेत मांडलेल्या, मुंक आला, डोळे घट्ट मिटून हवेत बोट फिरवत म्हणाला, छापा: करडा, हिरवा, निळा, तपकिरी. मग प्यायला निघून गेला, परत येऊन पुन्हा दुसरे रंग. (झटका म्हणायचाच तर हा म्हणा. पण तोवर चेहरा शिळेवर काढून झालेला होता.)

आता भीती. अश्रू नाही, तोंड वेडंवाकडं नाही. बाजूने दिसणारा चेहरा, नजर चौकटीबाहेर कुठेतरी. मुंक ज्यांच्यातला मानला जातो, त्या प्रतीकवादी चित्रकारांना चेहऱ्यावरचा अभिनय नकोच होता. भावना रेघेत आणि रंगात उतरावी, ही त्यांची धडपड. म्हणून तीच मुलगी लाल प्रतीत तापाने फणफणलेली वाटते आणि करड्या प्रतीत जवळजवळ गेलेली. चेहऱ्याची रेघही हललेली नसते. तेव्हा भीती दिसलीच, तर निदान कुठल्या रंगाच्या प्रतीत दिसली ते तरी सांगा.