‘बाउहाउसचे घड्याळ’ या नावामागचे गैरसमज

साध्या तबकडीच्या जर्मन यांत्रिक घड्याळांविषयी एक विधान सर्वत्र फिरत असते: ही घड्याळे म्हणजे बाउहाउसचा थेट वारसा, त्यांत निरुपयोगी असे काहीच नसते, ती आतून-बाहेरून जर्मन असतात आणि एकदा घेतली की आयुष्यभराची काळजी मिटते. मला ही घड्याळे मनापासून आवडतात, तरीही या चारांपैकी एकही गोष्ट जशीच्या तशी मान्य करता येत नाही.

बाउहाउस ही कलाशाळा 1919 साली वायमारमध्ये सुरू झाली, 1925 साली डेसाऊला गेली आणि 1933 साली बर्लिनमध्ये बंद पडली. तिच्यात विणकामाची, धातुकामाची, सुतारकामाची कार्यशाळा होती; घड्याळांची नव्हती. या संदर्भात हटकून नाव घेतले जाते ते, रचनाकार माक्स बिल यांनी आखलेले आणि त्यांच्याच नावाने ओळखले जाणारे, युंगहान्स या जर्मन कंपनीचे मनगटी घड्याळ 1961 चे, म्हणजे शाळा बंद पडल्यानंतर 28 वर्षांनी आलेले. बिल स्वतः स्विस होते, पण डेसाऊला शिकले होते, त्यामुळे तेथे निदान गुरुगृहाचे नाते तरी सांगता येते. नोमोस या जर्मन कंपनीच्या टांगेंटे या घड्याळाबाबत तेही सांगता येत नाही. ही कंपनी बर्लिनची भिंत कोसळल्यानंतर दोनच महिन्यांनी, जानेवारी 1990 मध्ये, घड्याळांसाठी प्रसिद्ध असलेल्या ग्लासह्युटे या जर्मन गावी स्थापन झाली आणि 1992 साली आलेल्या टांगेंटेची तबकडी 1930 च्या दशकातील, फोर्ट्सहाइम या जर्मन शहरातल्या एका तबकडी-कारखान्याच्या नमुन्यावर बेतलेली होती. तोच नमुना त्या काळी लांगे आणि स्टोवा या जर्मन कंपन्यांच्या घड्याळांवरही होता. श्रेय द्यायचेच तर ते सोन्याच्या दागिन्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या फोर्ट्सहाइमच्या कारागिरांना द्यावे लागेल.

निरुपयोगी काही नाही, हे दिसण्यापुरते खरे आहे. नेहमीच्या 35 मिमी टांगेंटेच्या काट्यांवर अंधारात चमकणारा लेप नसतो, त्यामुळे रात्री वेळ दिसत नाही. पाण्यापासूनचे संरक्षण 3 वातावरणदाबाचे, म्हणजे हात धुण्यापुरते. आणि पट्टा अडकवायच्या सरळसोट लांब कानांमुळे व्यास लहान असूनही बारीक मनगटावर ते पसरते. केवळ उपयोगासाठी कोणी घड्याळ आखले असते तर ते असे झाले नसते. त्याची ओढ अंकांच्या बारीक रेषेत, काट्यांच्या लांबीत आणि भोवती सोडलेल्या पांढऱ्या जागेत आहे, आणि ती ओढ मोठी आहे हे मी नाकारत नाही.

जर्मनपणाचे म्हणाल तर कंपनीगणिक उत्तर बदलते. माक्स बिलच्या ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणाऱ्या, घड्याळातील यंत्र स्विस यंत्रावर आधारलेले आहे. नोमोसनेही सुरुवात स्विस यंत्रानेच केली, 2005 पासून स्वतःची यंत्रे बनवली आणि 2014 साली स्वतःचा एस्केपमेंटही, म्हणजे यंत्राची गती ठरावीक ठेक्यात सोडणारा भागही, आणला. तबकडीवर ‘ग्लासह्युटे’ लिहायचे तर यंत्राच्या मूल्यातील निम्म्याहून अधिक काम त्याच गावात व्हावे लागते. बाकीच्या जर्मनीला असे बंधन नाही.

आयुष्यभराची काळजी मिटते, हे तर सरळ चूक आहे. एचएमटीला रोज सकाळी चावी देणाऱ्या पिढीला हे सांगावे लागत नाही. टांगेंटे एका चावीत 43 तास चालते, तेल काही वर्षांनी वाळते आणि कंपनीने स्वतः घडवलेल्या यंत्राचे सुटे भाग गल्लीतल्या घड्याळजीकडे मिळत नाहीत. उलट, माक्स बिलच्या अनेक घड्याळांवरच्या ज्या फुगीर प्लेक्सीकाचेला, म्हणजे प्लास्टिकच्या काचेला, सगळे नावे ठेवतात, तिच्यावरचे बारीक ओरखडे पॉलिशची पेस्ट लावून घरीच काही मिनिटांत घालवता येतात.