कतारचं वजन फुटबॉलने आणलेलं नाही

‘गॅसचा पैसा आला, कतारने वर्ल्डकप आणि पॅरिसचा क्लब विकत घेतला, त्या झगमगाटाला भुलून जग त्याला मानायला लागलं. गॅस संपला की खेळ खलास.’ हा मजकूर सतत फिरतो. त्यातला क्रमच उलटा आहे.

तारखा बघा. समुद्रातला प्रचंड गॅससाठा १९७१ मध्ये सापडला. कतारचे अमीर शेख हमद १९९५ मध्ये सत्तेवर आले. पुढच्याच वर्षी द्रवरूप गॅसचं पहिलं जहाज जपानकडे निघालं आणि अल जझीरा ही कतारची वृत्तवाहिनीही सुरू झाली. २००३ मध्ये अमेरिकेने आखातातल्या हवाई मोहिमांचं केंद्र सौदी अरेबियातून कतारमधल्या अल उदैद तळावर हलवलं. २००८ मध्ये लेबनॉनच्या भांडणाऱ्या गटांचा समेट कतारच्या मध्यस्थीने राजधानी दोहात झाला. वर्ल्डकपचं यजमानपद मिळालं डिसेंबर २०१० मध्ये आणि पॅरिस सां-जर्मां हा पॅरिसचा क्लब २०११ मध्ये. तोवर कतारशिवाय ज्यांचं अडेल असे देश तयार झाले होते.

‘विकत घेतला’ हा आरोप मी झटकून टाकणार नाही. कतारच्या बाजूने मत देण्यासाठी फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेच्या काही पदाधिकाऱ्यांनी लाच घेतली, असं अमेरिकी सरकारी वकिलांनी २०२० च्या आरोपपत्रात म्हटलं. कतारने ते नाकारलं.

पण नुसत्या झगमगाटावर उभा असलेला देश २०१७ च्या जूनमध्येच आडवा झाला असता. सौदी अरेबिया, अमिराती, बहरीन आणि इजिप्तने तेव्हा नाकेबंदी केली. जमिनीवरची एकमेव सीमा बंद झाली, दुधासाठी गायी विमानांतून आणाव्या लागल्या. इराणने आकाश खुलं ठेवलं, तुर्कस्तानने सैनिक पाठवले, अमेरिकेने तळ हलवला नाही. आणि कतारने काय केलं? नाकेबंदी करणाऱ्या अमिरातीचा पाइपलाइनचा गॅस चालूच ठेवला! आपण करार मोडत नाही, हे प्रत्येक गिऱ्हाइकाला त्यातून कळलं. त्याच ऑगस्टमध्ये पॅरिसच्या क्लबसाठी फुटबॉलपटू नेमारला घेताना २२.२ कोटी युरो मोजले गेले. माझ्या मते तीही उधळपट्टी नव्हती, आम्ही गुदमरलेलो नाही असा तो निरोप होता. जानेवारी २०२१ मध्ये नाकेबंदी उठली. अल जझीरा बंद करा ही नाकेबंदी करणाऱ्यांची मागणी कतारने मान्य केलीच नाही.

या वजनाला मर्यादा आहेतच. सप्टेंबर २०२५ मध्ये इस्रायलने थेट दोहावर हल्ला केला, तेव्हा ना तळ कामी आला ना मध्यस्थी.

गॅस संपण्याचं म्हणाल तर आजच्या वेगाने उपसला तरी साठा शंभरहून अधिक वर्षं पुरेल. भारताचा वर्षाला ७५ लाख टनांचा करार २०४८ पर्यंत वाढवलेला आहे. शिवाय पैसा बाहेर कामाला लावलेला आहे: मुंबईच्या उपनगरांना वीज देणाऱ्या अदानी इलेक्ट्रिसिटीत कतारच्या सरकारी गुंतवणूक संस्थेने २०२० मध्ये २५.१ टक्के हिस्सा घेतला.

मला खरा राग येतो तो या दाव्यात जे नाही त्याचा. स्टेडियम बांधणारे नेपाळ, भारत, बांगलादेशातले मजूर त्यात कुठेच नाहीत. जगाचं लक्ष होतं म्हणूनच २०२० मध्ये मालकाच्या परवानगीशिवाय नोकरी बदलण्याची मुभा आणि १,००० रियाल किमान वेतन कायद्यात आलं. तरीही कित्येक तरुण मजुरांच्या मृत्यूच्या दाखल्यावर कारण ‘नैसर्गिक’ एवढंच लिहिलं गेलं, चौकशी झाली नाही, आणि त्यामुळे त्यांच्या घरच्यांना भरपाई मागायला आधारच उरला नाही.