फिनिअस गेजची गोष्ट अर्धीच का सांगता?

मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाला मेंदूचं प्रकरण निघालं की फिनिअस गेज येणारच. डोक्यातून लोखंडी पहार आरपार गेली, माणूस वाचला, पण सज्जनाचा शिवराळ झाला. म्हणजे स्वभाव मेंदूच्या पुढच्या भागात असतो. झालं, पुढचा धडा. मला हे आता ऐकवत नाही.

घटना खरी आहे. १३ सप्टेंबर १८४८, अमेरिकेतलं व्हरमाँट, कॅव्हेंडिश गाव. रेल्वेमार्गासाठी सुरुंग लावायचं काम चाललेलं, गेज २५ वर्षांचा मुकादम. खडकातल्या भोकात दारू भरायची, वर वाळू टाकायची आणि मग पहारीने ठासायचं. त्या दिवशी बहुधा वाळू पडायच्या आधीच पहार आत गेली आणि बार उडाला. ३ फूट ७ इंच लांब, ६ किलोची ती पहार डाव्या गालाखालून शिरली, टाळूतून बाहेर पडली आणि लांब जाऊन आदळली. गडी काही मिनिटांत बोलायला लागला. बैलगाडीत बसून मुक्कामी गेला आणि आलेल्या डॉक्टरला म्हणाला, घ्या, तुमच्यासाठी भरपूर काम आहे!

आता पुढचं बघा. हार्वर्डचे सर्जन बिगेलो यांनी त्याला तपासलं आणि शरीराने, बुद्धीने तो बऱ्यापैकी सावरलाय असं १८५० मध्ये लिहिलं. ‘गेज आता पूर्वीचा गेज राहिला नाही’ हे प्रसिद्ध वर्णन त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉ. हार्लो यांनी छापलं १८६८ मध्ये, म्हणजे गेज वारल्यावर आठ वर्षांनी. तेही मोजक्या ओळींत. तो बदलला होता यात शंका नाही. मालकांनी त्याला मुकादमी परत दिली नाही. पण दारुडा, बायकोला मारणारा वगैरे मसाला नंतरच्या लेखकांचा. (त्याचं लग्नच झालं नव्हतं!) कवटीवरचे उंचवटे चाचपून स्वभाव सांगणाऱ्यांनीही पहार ‘परोपकारा’च्या जागेतून गेली म्हणून आपलं घोडं पुढे दामटलं. मेंदू मात्र कुणीच पाहिला नाही. शवविच्छेदन झालं नव्हतं. हार्लोंना मिळाली ती नंतर उकरून काढलेली कवटी.

आणि वर्गात जे हमखास गळतं ते दक्षिण अमेरिकेतलं चिली. १८५२ मध्ये गेज तिकडे गेला आणि पुढची सातेक वर्षं घोडागाडी हाकत राहिला, व्हालपाराइसो-सँटियागो मार्गावर. सहा घोड्यांचे लगाम दोन हातांत, रस्ता खडबडीत, भाषा परकी, गाडीत उतारू. पहाटे उठून घोड्यांचं बघायचं, वेळ सांभाळायची. डोकं ठिकाणावर नसलेल्या माणसाला हे एक आठवडा तरी जमेल का? गेजचा माग काढणारे ऑस्ट्रेलियन संशोधक माल्कम मॅकमिलन यांचा तर्क मला पटतो: रोज ठरलेल्या क्रमाने करायचं हे कामच त्याला सावरत गेलं असणार.

अपघातानंतर किंवा पक्षाघातानंतर ज्यांच्या घरी ‘आमचा माणूस बदललाय’ हे रोज अनुभवलं जातं, त्यांना या गोष्टीचा पहिला भाग सांगून काय मिळणार? त्यांना चिली सांगा. शेवटही सांगा, तो गोड नाही: फिटचे झटके सुरू झाले आणि मे १८६० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोजवळ आईकडे असताना तो गेला. तासाची पाच मिनिटं जास्त जातील, जाऊ द्या.