‘आधी बोला’ हे सांगायचं कुणाला?

ताई, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘समोरासमोर बसून बोला, निम्मी भांडणं तिथेच मिटतात,’ असं मी कामावरच्या भांडणांविषयीच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं, की सहा महिन्यांच्या कंत्राटावरचं माणूस साहेबाशी असं बोलायला गेलं तर पुढचं कंत्राट हातचं जातं. आणि साहेबच अंगचटीला येत असेल, तर तिथेही बोलायचंच का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही. ही गोष्ट लेखात स्पष्ट लिहायला हवी होती, ती राहिली. चूक माझी आहे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे १० किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे अंतर्गत समिती असायलाच हवी, आणि कंत्राटी बाईही तिच्याकडे तक्रार करू शकते. माणसं त्याहून कमी असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. घटनेपासून ३ महिन्यांत लेखी तक्रार द्यावी. कारण पटलं तर समिती आणखी ३ महिने देऊ शकते. समेटाचा प्रयत्नसुद्धा बाईने स्वतः मागितला तरच होतो, आणि पैसे घेऊन मिटवणं कायद्याला मान्य नाही. ‘जाऊ दे, मिटवून टाक’ असा दबाव आणायचा हक्क कुणालाही नाही.

आता कंत्राटाचं. भोसरीत एका कारखान्यात मी सुपरवायझर होतो. दुसऱ्या पाळीचा ऑपरेटर रोज कुरकुरायचा, पहिल्या पाळीवाला मशीन साफ न करताच जातो. एकदा चकमध्ये, म्हणजे जॉब पकडून ठेवणाऱ्या भागात, धातूचा कीस अडकून चार जॉब, म्हणजे तयार होणारे भाग, रिजेक्ट झाले आणि मी पहिल्या पाळीच्या पोराला सगळ्यांदेखत झापलं. तो कंत्राटी होता. मान खाली घालून ऐकून घेतलं, चकार शब्द काढला नाही. पुढचे पंधरा दिवस तो माझ्याशी कामापुरतंच बोलला.

शेवटी मीच चहाचे दोन कप घेऊन त्याच्या मशीनपाशी गेलो. म्हटलं, ‘त्या दिवशी सगळ्यांसमोर बोललो, चुकलं माझं. अडचण काय आहे ते सांग.’ बराच वेळ तो कूलंटचे (मशीन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे) हात पुसत राहिला. मग म्हणाला, ‘साहेब, पाळी साडेतीनला सुटते आणि बस तीन पस्तीसला. ती चुकली की दोन रिक्षा बदलाव्या लागतात.’ एवढंच होतं. शेवटची दहा मिनिटं उत्पादनातून वगळून सफाईला दिली आणि दोघांचं भांडण संपलं.

तो आपणहून माझ्याकडे कधीच आला नसता, आणि का यावं त्याने? म्हणून तुमचं मला पटतं. ज्याच्या सहीवर दुसऱ्याची नोकरी अवलंबून आहे, त्यानेच उठून जायचं, आधी आपली चूक सांगायची आणि मग गप्प बसून ऐकायचं. माझं ते वाक्य मी सुपरवायझरांना उद्देशून नव्याने लिहितो आहे.

तोवर तुम्ही एक करा. साहेब जे तोंडी सांगतात ते त्याच दिवशी तारीख-वेळेसह वहीत उतरवा, समोर कोण होतं तेही लिहा. आणि ती वही घरी ठेवा.